कानापुरती वीज

मुंबईला २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळच्या हौशी माणसांमध्ये ‘क्रिस्टल सेट’ नावाच्या एका चिमुकल्या यंत्राचे फार वेड होते. त्यात ना बॅटरी, ना घरातल्या विजेची जोडणी. गॅलीना नावाच्या खनिजाचा एक खडा, त्याला टेकवलेली केसासारखी बारीक तार, तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, गच्चीवर ताणून बांधलेली एरियल आणि कानांवर चढवलेला हेडफोन. एवढ्या सामग्रीवर माणसे गाणे ऐकत. केंद्राच्या खांबावरून निघालेल्या लहरी मैल दोन मैल हवेतून येत. त्यांत जी काही किंचित शक्ती उरलेली असे, तीच हेडफोनचा पत्रा हलवी. आवाज वाढवणारे, म्हणजे ज्याला आपण अ‍ॅम्प्लिफायर म्हणतो तसले काहीएक मध्ये नव्हते.

आज, जवळजवळ शंभर वर्षांनंतर, हेडफोन ‘नीट’ चालवायचा तर त्याला निराळा अ‍ॅम्प्लिफायर हवाच असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. तो पाच-सात हजार रुपयांपासून मिळतो, आणि वर जायचेच म्हटले तर मोटारीच्या किमतीपर्यंत जाता येते. जर्मनीतल्या सेनहायझर कंपनीने २०१५ साली ‘एचई १’ नावाचा संच जाहीर केला. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरची पेटी इटलीतल्या कारारा येथील संगमरवराची आहे; कळ दाबली की आतल्या आठ काचेच्या नळ्या सावकाश वर येतात. हेडफोनसह त्याची किंमत तेव्हा पन्नास हजार युरोच्या घरात होती. आपल्यापैकी कोणी तो घेईल असे नाही. पण पंधरा-वीस हजारांचा हेडफोन घेऊन बसलेला आणि ‘आता याला अ‍ॅम्प्लिफायर कोणता?’ या विचाराने हैराण झालेला माणूस मात्र ठिकठिकाणी भेटतो. वाचकहो, हा लेख त्याच्यासाठी आहे.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो; विद्युत्‌शास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु या व्यवहारात विजेचे गणित थोडे आणि अनुमानाचे प्रश्न फार. नवे यंत्र जोडले, गाणे जास्त चांगले वाटले. ठीक. पण ते कशामुळे वाटले? हा प्रश्न आमच्या शास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर चुकले की चाळीस-पन्नास हजारांची चाट बसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम विजेचे जे थोडे गणित आहे ते उरकून टाकू. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात. एक ओहममध्ये, दुसरा डेसिबलमध्ये. ओहमचा आकडा म्हणजे इम्पीडन्स, पाठ्यपुस्तकातला ‘संरोध’. हेडफोन विजेच्या प्रवाहाला किती अडवतो ते त्यावरून कळते. डेसिबलचा आकडा म्हणजे त्याची संवेदनक्षमता: ठरावीक वीज दिली असता तो किती मोठा आवाज काढील ते. पुष्कळ लोक पहिला आकडा पाहूनच घाबरतात. ‘अहो, तीनशे ओहमचा आहे, त्याला जोरदार अ‍ॅम्प्लिफायर लागणारच!’ असे नाही. दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात.

उदाहरणादाखल सेनहायझरचाच ‘एचडी ६५०’ घेऊ. २००३ साली निघालेला हा हेडफोन अजून लोकांच्या आवडीतला आहे. ओहम तीनशे, आणि एक व्होल्ट दिला की आवाज १०३ डेसिबल. आता घरात शांतपणे गाणे ऐकताना आवाजाची सरासरी पातळी ७५ डेसिबलच्या आसपास पुरे होते. म्हणजे एका व्होल्टाला जितका आवाज होतो त्याहून २८ डेसिबल कमी. हिशेब केला तर त्यासाठी एका व्होल्टाचा पंचविसावा हिस्सा लागतो, आणि शक्ती म्हणाल तर दर कानाला सुमारे पाच मायक्रोवॅट. एका वॅटचे दहा लाख तुकडे करा, त्यातले पाच! पूर्वी निजण्याच्या खोलीत आपण ‘झिरोचा दिवा’ लावत असू, तो नावाला झिरो पण खातो पंधरा वॅट. त्या एका दिव्याच्या विजेवर असे चौदा लाख हेडफोन एकाच वेळी गात राहतील. क्रिस्टल सेटवाल्यांना अ‍ॅम्प्लिफायरवाचून कसे भागत होते, ते यावरून ध्यानात येईल.

कोणी म्हणेल, सरासरीचे ठीक आहे, पण गाण्यात चढउतार असतात त्याचे काय? शंका रास्त आहे. आपल्या रागसंगीताच्या बाबतीत तर फारच रास्त. संथ आलापीत आवाज इतका खाली असतो की ऐकणारा बटण थोडे वर चढवतो. पुढे द्रुतात तबल्याची कडाडून थाप पडते ती सरासरीच्या वीस-पंचवीस डेसिबल वर जाते. तेही धरू. शंभर डेसिबलची थाप एचडी ६५० मधून निघायला पाऊण व्होल्टाहून थोडे कमीच लागते, आणि शक्ती दोन मिलिवॅटच्या आत. हल्ली फोनला हेडफोनचे भोक नसते म्हणून जी बोटभर तार वेगळी घ्यावी लागते, तिच्या टोकाशी एक इवलासा अ‍ॅम्प्लिफायर असतो. अ‍ॅपल कंपनीची नऊ डॉलरची तशी तार, युरोपसाठीची सोडल्यास, एक व्होल्ट देते. म्हणजे मध्यम आवाजात ऐकणाऱ्या माणसाला जगप्रसिद्ध तीनशे ओहमच्या हेडफोनसाठी ती तार पुरते. ज्याला त्याहून बरेच मोठ्याने ऐकायचे आहे, किंवा ज्याच्या संग्रहात फार हळू आवाजात उतरवलेली जुनी ध्वनिमुद्रणे आहेत, त्याला दोन-तीन व्होल्ट देणारा अ‍ॅम्प्लिफायर लागेल. तो स्वस्तातलाही देतो.

आता उलट टोकाचे उदाहरण. चीनमधल्या हायफायमॅन कंपनीचा ‘एचई-६’ हा हेडफोन घ्या. ओहम अवघे पन्नास. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, हा तर सोपा. पण एक मिलिवॅट शक्ती दिली तर हा जेमतेम साडेत्र्याऐंशी डेसिबल आवाज काढतो. याच्या आत चुंबकांच्या रांगांमध्ये ताणलेला एक पातळ सपाट पडदा असतो, तो हलवायला जोर लागतो. तीच शंभर डेसिबलची थाप याच्यातून काढायला एचडी ६५० च्या सत्तावीसपट शक्ती पाहिजे, आणि एकशेदहा डेसिबलची काढायची तर जवळजवळ अर्धा वॅट. फोनची तार येथे हात टेकते. कशी टेकते तेही ओळखता येते: हळू आवाजात सारे गोड चालते, आणि समेवर जोराची थाप पडली की तिची धार बोथट होते, आवाज चरचरतो किंवा दबून येतो. हे झाले की निःशंकपणे अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा.

तिसरा एक प्रकार आहे, त्यात तर वादच नाही. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० च्या सुमारास बाजारात आणलेला स्थिर-विद्युत् हेडफोन. त्यात साबणाच्या फुग्यासारखा पातळ पडदा दोन जाळ्यांमध्ये टांगलेला असतो आणि त्याला शेकडो व्होल्टांचा कायमचा दाब द्यावा लागतो. स्टॅक्सच्या हल्लीच्या हेडफोनांना ५८० व्होल्ट. त्याला त्याच्याच जातीचे यंत्र लागते, दुसऱ्या कशाला तो जोडताच येत नाही. आणि चौथा प्रकार, बिनतारी हेडफोन. त्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो, तेव्हा बाहेरून आणखी एक घेण्यात अर्थ नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘ब्लूटूथवाल्याला कोणता अ‍ॅम्प्लिफायर चांगला?’ असे विचारणारे सुशिक्षित लोक मला भेटले आहेत.

शक्तीचा प्रश्न असा सुटला की दुसरा एक गुण पाहावा लागतो, आणि माझ्या मते खरी खोच तिथेच आहे. अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचाही एक संरोध असतो, बाहेर पडण्याच्या दाराशी असलेला. तो जितका कमी तितके बरे. गंमत अशी की १९९६ सालच्या एका आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनच्या दाराशी १२० ओहम असावेत अशी शिफारस होती! आज जाणकार मंडळी एक-दोन ओहमांपेक्षा जास्त नको म्हणतात. निदान हेडफोनच्या ओहमांच्या आठव्या हिश्श्याच्या आत तरी तो असावा, असा ढोबळ नियम आहे.

याने बिघडते काय? हेडफोनचे ओहम सगळ्या स्वरांना सारखे नसतात. एचडी ६५० चे तीनशे ओहम हा नावाचा आकडा. खर्जाच्या बाजूला, शंभर हर्ट्‌झच्या आसपास, ते पाचशेच्या घरात जातात. आता दाराशी १२० ओहम असतील तर काय होते पाहा. अ‍ॅम्प्लिफायरने शंभर भाग दाब दिला, तर मधल्या स्वरांपर्यंत त्यातले एकाहत्तर पोचतात आणि खर्जाच्या त्या पट्ट्यात एक्याऐंशी. फरक एका डेसिबलचा. ऐकताना काय जाणवते? डग्ग्याची घुमक थोडी भरदार होते, पुरुषी आवाजाला थोडी ऊब येते. काचेच्या व्हॉल्व्हचे, आणि त्यातही ज्यांच्या दाराशी ट्रान्सफॉर्मर नसतो असले जे अ‍ॅम्प्लिफायर असतात, त्यांच्या दाराशी शंभर ओहम किंवा अधिक असणे नेहमीचे आहे. ‘व्हॉल्व्हचा आवाज कसा ऊबदार, कसा माणसाळलेला’ असे जे रसभरित वर्णन वाचायला मिळते, त्यातला बराच भाग या एका डेसिबलात मावतो. म्हणजे ती माणसे खोटे बोलत नसतात, बरं का! त्यांना फरक खरोखर ऐकू येतो. पण तो नळीतल्या कोणा आत्म्यामुळे नसून साध्या भागाकारामुळे असतो, आणि तसाच फरक फोनवरच्या सूर-नियंत्रकाने, ज्याला इक्वलायझर म्हणतात त्याने, फुकटात करता येतो. ज्यांना तो तांबूस उजेड आवडतो त्यांनी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर जरूर घ्यावा. देवघरात निरांजन असते तिथे विजेचा दिवा का लावत नाही, असे आपण कोणाला विचारत नाही.

कानात घालायच्या बोंडांच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट त्रासाची होते. महागड्या बोंडांत तीन-तीन, चार-चार सूक्ष्म ध्वनियंत्रे बसवलेली असतात आणि त्यांचे ओहम एका स्वराला आठ-दहा तर दुसऱ्याला चाळीस-पन्नास असे उड्या मारतात. अशांना मोठ्या संरोधाचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर आवाजाचा तोंडवळाच बदलतो. शिवाय ती इतकी संवेदनक्षम असतात की जोरदार अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची सूक्ष्म सूसू त्यांतून ऐकू येते. बोंडांसाठी ताकद नको, शांतता हवी.

इथवर सांगितलेले सगळे फरक मोजता येणारे आहेत. शक्ती पुरी आहे, दाराशी ओहम कमी आहेत, सूसू नाही, विकृती नगण्य आहे. असे दोन अ‍ॅम्प्लिफायर समोर ठेवले, एक सहा हजारांचा आणि एक साठ हजारांचा, तर त्यांच्या आवाजात फरक असतो का? इथून तर्कशास्त्र सुरू होते.

दुकानात किंवा मित्राच्या घरी तुलना कशी होते ते आठवून पाहा. एकातून हेडफोन काढला, दुसऱ्यात घातला, बटण अंदाजाने फिरवले, ऐकले. ‘वा! पडदाच दूर झाल्यासारखे वाटले.’ आता माणसाच्या कानाची एक खोड आहे. दोन आवाजांत एखाद्या डेसिबलचाच फरक असेल, तर मोठा आवाज ‘मोठा’ असा ऐकू येत नाही. तो ‘चांगला’ असा ऐकू येतो. स्पष्ट, भरदार, जिवंत. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच दाखवून दिले की आवाज हळू असला की खर्जाचे स्वर आपल्याला त्या मानाने कमी ऐकू येतात. तेव्हा बटण जरासे वर चढले की खर्जही भरून येतो. दोन अ‍ॅम्प्लिफायरांची बटणे एकाच खुणेवर ठेवली म्हणजे आवाज सारखा झाला, असे मुळीच नाही. काही अ‍ॅम्प्लिफायरांना ‘बॅलन्स्ड’ म्हणतात तसले दुसरे दार असते. पुष्कळ यंत्रांत ते बटण न हलवता दुप्पट व्होल्ट देते, म्हणजे सहा डेसिबल जास्त. ‘बॅलन्स्डचा आवाज कसा मोकळा, कसा प्रशस्त’ हे मग कोणाला वाटणार नाही? त्याच यंत्राच्या त्याच बटणाला सहा डेसिबल खाली आणा आणि मग सांगा.

दुसरी खोड मनाची. महाग वस्तू आपल्याला महागासारखी ऐकू येते. यात लाजण्यासारखे काही नाही. परीक्षेचे पेपर तपासताना विद्यार्थ्याचे नाव झाकतात ते परीक्षक लबाड असतो म्हणून नव्हे. तिसरी खोड स्मरणाची. आवाजाचे बारकावे आपल्या स्मरणात काही सेकंदच टिकतात. काल ऐकलेल्या अ‍ॅम्प्लिफायरशी आज ऐकलेल्याची तुलना करणारा माणूस खरे म्हणजे कालच्या आपल्या मताशी आजच्या मताची तुलना करीत असतो.

अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात एक प्रयोग छापला. हेडफोनचे नव्हेत, लाउडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर होते. पण मुद्दा तोच. दोन-सव्वादोनशे डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या व्हॉल्व्हवाल्या यंत्रापर्यंत निरनिराळे नमुने घेतले, आवाजाच्या पातळ्या काटेकोर जुळवल्या, आणि कोणता वाजतो आहे ते न सांगता लोकांना ऐकवले. ऐकणाऱ्यांत फरक असतोच असे मानणारे होते, नसतो म्हणणारेही होते. सगळ्यांच्या उत्तरांची बेरीज केली तेव्हा ती नाणे उडवून मिळाली असती त्याहून फारशी निराळी निघाली नाही. यावरून जगात कुठलेच दोन अ‍ॅम्प्लिफायर वेगळे वाजत नाहीत असे सिद्ध होत नाही. आमच्या शास्त्रात एवढ्या थोड्या पुराव्यावर सार्वत्रिक विधान करू देत नाहीत. पण सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर आहे, ते मात्र यावरून ठरते. जो साठ हजार मागतो, त्याच्यावर.

हेडफोनच्या जगातही एक मजेदार प्रकरण घडले. २०११ साली ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ असे टोपणनाव घेतलेल्या एका अनामिक तंत्रज्ञाने ‘ओ टू’ नावाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा मोजमापांसह जाहीर केला आणि कोणीही बनवावा म्हणून मोकळा सोडला. आत नेहमीच्या स्वस्त चकत्या, नऊ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या, दाराशी अवघा अर्धा ओहम. सुटे भाग तीसेक डॉलरांत. मोजमापांत तो त्याच्या कितीतरी पट किमतीच्या यंत्रांच्या पंक्तीला बसला. महागड्या यंत्रांचे भक्त चिडले, वादावादी झाली. आणि २०१२ साली हा गृहस्थ लिहिता लिहिता एकाएकी गप्प झाला तो पुन्हा बोललाच नाही. तो कोण, हे त्याने उघड केले नव्हते. त्याचे यंत्र मात्र राहिले, आणि आज पाच-दहा हजारांत चांगली मोजमापे असलेले अ‍ॅम्प्लिफायर सहज मिळतात.

बरे, ज्याला स्वतःच्याच कानांनी खात्री करून घ्यायची आहे त्याने काय करावे? उपाय घरगुती आहे. विजेच्या कामाला लागतो तो साधा मल्टिमीटर आणा. एकाची दोन तोंडे करणारी जोडणी घेऊन एकात हेडफोन आणि दुसऱ्यात एक सुटी तार लावा. फोनवरून तीनशे हर्ट्‌झचा एकसुरी आवाज वाजवा. स्वस्त मीटर याहून फार उंच स्वर नीट मोजत नाहीत. मीटर ए.सी. व्होल्टवर ठेवून सुट्या तारेच्या टोकाशी किती व्होल्ट येतात ते पाहा. हेडफोन तेव्हा कानांवर नसावा, आणि मीटरच्या दोन सुया एकमेकींना लागू देऊ नका. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांची बटणे अशी लावा की आकडे शंभरात एकाच्या फरकाने जुळतील. मग घरातल्या कोणाला तरी, भाचा असो की मुलगी, पाठीमागे बसवा. त्याने दर खेपेला नाणे उडवावे, काटा-छाप्याप्रमाणे एक यंत्र जोडावे आणि काही बोलू नये. तुम्ही ओळखायचे. सोळा वेळा करा. बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर समजा की तुम्हांला फरक खरोखर ऐकू येतो. कारण नुसती अंदाजपंचे उत्तरे दिली तर तसे घडण्याचा संभव शंभरात चारांपेक्षाही कमी आहे. आणि नऊ-दहाच आली, तर साठ हजार रुपये वाचले. एक तासाच्या खेळाला एवढी मजुरी वाईट नाही.

ऐकायला काय घ्यावे? पुष्कळजण यासाठी पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिका सुचवतात. माझा आग्रह असा की आपल्याला जे पाठ आहे तेच घ्यावे. किशोरी आमोणकरांचा भूप असो, मल्लिकार्जुन मन्सूरांचे एखादे नाट्यपद असो, की भीमसेनांचा अभंग. आधी नुसता तंबोरा ऐका. गायनाला सुरुवात होण्यापूर्वीच्या त्या दहा-वीस सेकंदांत मागे सूसू आहे का, विजेचा ‘हूं’ असा गुणगुणाट आहे का, ते कळते. जवारी लागलेल्या तारेतून स्वरांची जी साखळी उलगडत जाते ती दोन्ही कानांत समतोल आहे का, पाहा. बटण अगदी सुरुवातीला असताना पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरांत एक कान जड वाटतो. दोन कानांची दोन नियंत्रणे एकाच दांड्यावर बसवलेली असतात, ती त्या भागात जुळत नाहीत. म्हणून ज्या यंत्रात जोर कमी-जास्त करण्याची वेगळी कळ आहे ते बघावे, आणि ती कळ अशी ठेवावी की नेहमीच्या ऐकण्यात बटण घड्याळाच्या दहा ते दोनच्या दरम्यान येईल. मग डग्गा ऐका. घुमक पूर्वीपेक्षा फुगली असेल तर दाराचे ओहम तपासा. शेवटी द्रुतातली तिहाई, जितक्या मोठ्याने तुम्ही कधीकाळी ऐकाल तितक्या मोठ्याने. थाप स्वच्छ आली, की अ‍ॅम्प्लिफायरचे काम संपले. जुन्या तबकडीवरची खरखर, माइकपासून दूर बसलेला सारंगीवाला, घाईने केलेले ध्वनिमुद्रण, यांतले काहीही कोणताच अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करीत नाही. आणि ‘शंभर तास चालवा, मग उघडेल’ असे विक्रेता म्हणाला तर त्याला हसून विचारा, की परत घेण्याची मुदत किती तासांची आहे?

तेव्हा पैसे कसे वाटावेत? माझे मत स्पष्ट आहे. पैसा आधी हेडफोनवर घालावा, कारण दोन हेडफोनांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो डोळे बांधूनही ओळखू येतो. मग चांगल्या ध्वनिमुद्रणांवर. अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी, आणि वर दिलेल्या गणिताने लागत असेल तरच. घडण मजबूत, बटण गुळगुळीत फिरणारे, दुरुस्ती जवळ होणारी, या गोष्टींसाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. पण ते आवाजासाठी दिले असे स्वतःला सांगू नये.

एक गोष्ट मात्र जोरदार अ‍ॅम्प्लिफायरबरोबर हमखास घरात येते, ती म्हणजे धोका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे ठीक आहे. त्यात दर तीन डेसिबल वाढले की मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती आठवड्याला चार तासांवर येते, म्हणजे एक मैफल आणि थोडे. विकृती नसलेला स्वच्छ आवाज मोठा असूनही मोठा वाटत नाही. चरचर नाही, त्रास नाही, म्हणून हात आपोआप बटणाकडे जातो. फोन आजकाल आवाजाचा हिशेब ठेवून सूचना देतो. टेबलावरचा अ‍ॅम्प्लिफायर तसे काही करीत नाही. आतल्या कानातल्या ज्या केशपेशी एकदा मेल्या त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. ऐकून झाल्यावर कानांत ‘कुंई’ असा आवाज राहत असेल तर पातळी जास्त झाली असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी बटण खाली ठेवावे. यासाठी युक्ती अशी की आवाज एकदा ठरवून बटणावर चिकटपट्टीची खूण करावी, आणि रात्र चढत जाईल तसे खुणेपुढे जाऊ नये.

यंत्र घरी आणल्यावर सुरुवात नेहमी बटण शून्यावर ठेवून करावी. व्हॉल्व्हचा असेल तर कळ दाबताना आणि बंद करताना हेडफोन कानांवर नसावा, कारण नळ्या तापेपर्यंत आणि निवताना दारातून धाडकन एक धक्का येतो; मिनिटभर थांबून मग हेडफोन चढवावा. पेटीला वरून झाकण घालू नये, तिच्यावर पुस्तके रचू नयेत. आणि मागचे स्क्रू काढून आत काय आहे ते पाहण्याचा मोह मुलांना होतो, मोठ्यांनाही होतो. पण व्हॉल्व्हच्या यंत्रात वीज बंद केल्यावरही काही वेळ शे-दोनशे व्होल्ट साठून राहतात, तेव्हा ते काम माहीतगार कारागिरावर सोपवावे.